'आधीच रद्दबातल': जपान–कोरिया 1965 चा करार कसा जुळला आणि कुठे उसवला

जनकगंज (धागाकर्ता)

रविवारच्या वाचन-बैठकीसाठी जपान आणि दक्षिण कोरियाचा 1965 चा करार घेतोय. ज्या शेजाऱ्याने 35 वर्षं आपल्यावर राज्य केलं, त्याच्याशी दूतावास उघडायचा तर कागदावर काय काय यावं लागतं, हे या करारात कलमवार दिसतं. आधी सांगाडा मांडतो, मग ज्याला जो भाग येतो त्याने तो उचलावा.

29 ऑगस्ट 1910 ला विलीनीकरण जाहीर झालं, 15 ऑगस्ट 1945 ला जपानी सत्ता संपली आणि 15 ऑगस्ट 1948 ला कोरिया प्रजासत्ताक उभं राहिलं. 8 सप्टेंबर 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को तहावर सही करणाऱ्यांत कोरियाला जागा मिळाली नाही. त्यामुळे युद्धात जिंकलेला देश म्हणून भरपाई मागायची वाट बंद झाली. हाती उरलं त्या तहाचं कलम 4(अ): मालमत्ता आणि दावे यांचं काय ते तुम्ही दोघांनी आपसात ठरवा. पुढची चौदा वर्षं या एका ओळीवर घासाघीस चालली.

ऑक्टोबर 1951 मध्ये प्राथमिक बोलणी, फेब्रुवारी 1952 मध्ये पहिली औपचारिक फेरी, डिसेंबर 1964 मध्ये सातवी. 20 फेब्रुवारी 1965 ला सोलमध्ये मूळ करारावर आद्याक्षरं, 22 जूनला टोकियोत सह्या, 18 डिसेंबरला अंमल. त्या दिवशी एकच कागद झाला नाही. एक मूळ करार, शिवाय चार वेगळे: दावे आणि आर्थिक सहकार्य, मासेमारी, जपानमधल्या कोरियन रहिवाशांचा दर्जा, सांस्कृतिक वस्तू. वर वाद कसे मिटवायचे याबद्दलची पत्रांची देवाणघेवाण.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळे म्हणतात करार पैशाच्या कलमात फाटला. मला वाटतं तो मूळ कराराच्या कलम 2 मधल्या एका क्रियाविशेषणात फाटला, आणि पैशाचं कलम त्याच धाग्याने उसवत गेलं.

दौलतगंज

मसुदालेखन शिकणाऱ्या प्रत्येकाला ते कलम 2 पाठ असावं असं माझं ठाम मत आहे. मजकूर एवढाच: 22 ऑगस्ट 1910 ला किंवा त्यापूर्वी जपानी साम्राज्य आणि कोरियन साम्राज्य यांच्यात झालेले सर्व तह 'आधीच रद्दबातल' आहेत, याची खात्री केली जाते.

कोरियाला नुसतं 'रद्दबातल' हवं होतं. म्हणजे 1905 चा संरक्षित राज्याचा तह आणि 1910 चं विलीनीकरण मुळातच शून्य, आणि 35 वर्षांचा अंमल बेकायदा. जपानला 'रद्द झालेले' हवं होतं. म्हणजे तह तेव्हा वैध होते, पुढे संपले. तोडगा म्हणून मधे 'आधीच' आला. जपानी मसुद्यात तिथे 'मोहाया' आहे, त्याची छटा आपल्या 'आता उरलेलं नाही' च्या जवळची. कोरियन मसुद्यात 'इमी' आहे, म्हणजे सरळ 'अगोदरच'. अगोदरच, पण कधीपासून? याचं उत्तर कलमात नाही, आणि ते मुद्दामच ठेवलेलं नाही. जपान म्हणतो 15 ऑगस्ट 1948 पासून, कोरिया म्हणतो सही झाली त्या दिवसापासूनच.

आपल्याकडे करार कायद्याच्या मराठीत 'शून्य' आणि 'शून्यकरणीय' असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला करार कधी जन्मलाच नाही, दुसरा जन्मला आणि पुढे मोडला. या दोन खणांपैकी कुठल्याही एकात न बसणारं वाक्य लिहायचं, हेच तिथल्या मसुदाकारांचं काम होतं, आणि ते त्यांनी चोख केलं.

आणखी एक बारकावा. मूळ करार जपानी, कोरियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे आणि अर्थभेद झाला तर इंग्रजी प्रमाण. पण इंग्रजीतही तोच संदिग्ध शब्द ठेवल्यामुळे प्रमाण प्रत असूनही पंच सापडत नाही. दाव्यांचा करार तर फक्त जपानी आणि कोरियन या दोनच भाषांत आहे. तिथे तिसरी प्रमाण प्रतच नाही.

मुरारकर

पैशाचा भाग मी घेतो. आकडे नीट लिहून ठेवा, बैठकीत दर वेळी घोळ होतो.

अनुदान 30 कोटी डॉलर (करारात 10,800 कोटी येन), दहा वर्षांत. दीर्घ मुदतीचं कर्ज 20 कोटी डॉलर (7,200 कोटी येन), तेही दहा वर्षांत, व्याज 3.5 टक्के, परतफेड 20 वर्षांत, त्यात पहिली 7 वर्षं सूट. याशिवाय खासगी व्यापारी कर्ज 30 कोटी डॉलरहून जास्त, त्यात मासेमारीसाठी 9 कोटी आणि जहाजांसाठी 3 कोटी. याचा पाया 12 नोव्हेंबर 1962 च्या कोरियाचे गुप्तचर प्रमुख किम जोंग-पिल आणि जपानचे परराष्ट्रमंत्री ओहिरा यांच्या टिपणात आहे. तिथे 30 आणि 20 हे आकडे ठरले होते, व्यापारी कर्ज तेव्हा 10 कोटींपासून पुढे एवढंच होतं.

30 कोटी म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून: 1964 च्या अखेरीस कोरियाची वर्षाची निर्यात 10 कोटी डॉलरला पोचली, तर त्यांनी तो दिवस राष्ट्रीय निर्यात दिन म्हणून साजरा केला.

आता महत्त्वाचं. यातला एक डॉलरही रोख आलेला नाही. करारात शब्द आहेत 'जपानी माल आणि जपानी लोकांच्या सेवा'. दर वर्षी दोन्ही सरकारं त्या वर्षाची अंमलबजावणी योजना ठरवणार, कोरियाचं खरेदी पथक टोकियोत जपानी कंपन्यांशी कंत्राट करणार, जपान सरकार ते तपासून प्रमाणित करणार, मग येनमध्ये पैसे जपानी पुरवठादाराला. म्हणजे पैसा जपानातून जपानातच फिरतो, सीमा ओलांडते ती यंत्रसामग्री. त्यातच जुन्या व्यापारातली कोरियाची 4.57 कोटी डॉलरची देणी दहा वर्षांत फेडायची होती.

आणि खरं सांगायचं तर त्या मालाचा उपयोग कोरियाने फार विचाराने केला. पोहांगच्या पोलाद कारखान्याला या निधीतून 11.948 कोटी डॉलर गेले: 3.08 कोटी अनुदानातून, 8.868 कोटी कर्जातून. म्हणजे एकूण 50 कोटींचा जवळपास चौथा भाग एका कारखान्यात. 3 जुलै 1973 ला त्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला, वार्षिक क्षमता 10.3 लाख टन.

कंपू

मुरारकर, कारखाना उभा राहिला हे छानच. पण सक्तीने खाणीत आणि कारखान्यांत नेलेल्या मजुरांना काय मिळालं? थकलेली मजुरी, टपाल खात्यातली बचत, मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई, हे सगळं दाव्यांच्या यादीत होतं ना?

मुरारकर

होतं. 1952 साली कोरियाने मांडलेल्या आठ कलमी यादीत थकीत मजुरी आणि भरपाई दोन्ही होती. 1961 च्या बोलण्यांत तर कोरियन बाजूने हिशेबच ठेवला: सुमारे 10.3 लाख माणसं, हयात असेल त्याला 200 डॉलर, मृताच्या वारसांना 1,650, जखमीला 2,000, एकूण 36.4 कोटी. जपानने विचारलं, एकेकाचा पुरावा द्याल का, पैसे थेट माणसांना द्यायचे का? कोरियन बाजू म्हणाली, देशांतर्गत वाटप आमचं आम्ही करू.

इथे मला फार वाईट वाटतं. कागदपत्रं जपानकडे, माणसं कोरियाकडे, मधे युद्धाने जळालेली दफ्तरं. एकेकाचा पुरावा गोळा करणं अवघड होतं हे खरं. पण एकरकमी तोडगा घेतल्यावर वाटपाची जबाबदारी पूर्णपणे सोलच्या सरकारवर आली, आणि ते वाटप झालं दहा वर्षांनी. 1974 च्या कायद्याने 1975 ते 1977 या काळात 8,552 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख वॉन दिले. त्या वेळच्या 484 वॉनच्या दराने साधारण 620 डॉलर. गुणाकार करून बघा: 256 कोटी वॉन, म्हणजे 53 लाख डॉलर, अनुदानाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. जखमी होऊन परतलेल्यांना काहीच नाही. ठेवी आणि रोखे यांचे पैसे वेगळे दिले, 1 येनाला 30 वॉन या दराने.

जनकगंज

आणि त्या पैशाचं नाव काय, हेही ठरलं नव्हतं. कराराचं शीर्षकच बघा: 'मालमत्ता व दाव्यांच्या प्रश्नांचा निपटारा आणि आर्थिक सहकार्य'. मधला 'आणि' दोन्ही संसदांसाठी आहे. कोरियात सरकार म्हणालं, हा आपल्या दाव्यांचा पैसा. जपानी संसदेत परराष्ट्रमंत्री शिईना यांनी तो नव्या देशाच्या वाटचालीला शुभेच्छा म्हणून असल्याची मांडणी केली. एकाच रकमेला एका घरी भरपाई म्हटलं आणि दुसऱ्या घरी आहेर.

या दाव्यांच्या करारात रक्कम कलम 1 मध्ये आहे आणि दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः मिटले' हे त्याच्या कलम 2 मध्ये. 30 कोटी हे अमुक दाव्याच्या बदल्यात, असं दोन्हींना जोडणारं वाक्य कुठेच सापडत नाही.

नया बाजार

मासेमारीकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. वाटाघाटी रखडल्या त्यामागे समुद्र मोठं कारण होता. सॅन फ्रान्सिस्को तह अमलात येण्याच्या तीन महिने आधी, 18 जानेवारी 1952 ला कोरियाचे राष्ट्राध्यक्ष री सिंगमन यांनी समुद्रात रेषा आखली. तिच्या आत आलेल्या शेकडो जपानी बोटी पकडल्या गेल्या. खलाशी पुसानला कैदेत, त्यांची कुटुंबं जपानी किनाऱ्यावर. त्यामुळे पश्चिम जपानच्या मच्छीमार गावांना करार हवा होता, आणि घाईने हवा होता.

1965 चा तोडगा असा: किनाऱ्यापासून 12 सागरी मैल ज्याचे त्याचे. त्याबाहेर संयुक्त नियंत्रणाचा पट्टा. तिथे बोटींची संख्या, आकार, जाळ्याची वीण, दिव्याची ताकद यांवर मर्यादा. वार्षिक पकड प्रत्येकी दीड लाख टन प्रमाण धरून, दहा टक्के इकडेतिकडे चालेल. आणि बोट ज्या देशाची, तपासणी त्याच देशाची. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण परक्या गस्ती नौकेने बोट ओढून नेण्याचे प्रकार त्यानेच थांबले.

या करारात आकडे होते, मुदत होती, मोजमाप होतं. म्हणून जमाना बदलल्यावर तो बदलताही आला. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंत ज्याचा त्याचा हक्क मानायचा काळ आला, जानेवारी 1998 मध्ये जपानने जुना करार संपवण्याची नोटीस दिली, आणि जानेवारी 1999 मध्ये नवा लागू झाला. मधलं वर्ष तणावाचं होतं, पण मासेमारी चालू राहिली.

शिंदेछावणी

ग्वाल्हेरकरांनी हा विषय वाचताना सालबाई विसरू नये. आपल्या शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरचं गाव. 17 मे 1782 ला तिथे पेशवे आणि इंग्रज यांचा तह ठरला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन, पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे. पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख इंग्रजांनी परत करायचा, साष्टी त्यांच्याकडे राहायची, राघोबादादांना महिना 25 हजारांची नेमणूक.

वसाहतीच्या हिशेबाशी त्याची तुलना होत नाही, ते मला मान्य आहे. पण कामकाजाच्या दोन गोष्टी तंतोतंत लागू पडतात. एक, सही आणि मंजुरी यांतलं अंतर. सालबाईला सही मे महिन्यात, मंजुरीच्या कागदांची अदलाबदल फेब्रुवारी 1783 मध्ये, कारण नाना फडणवीस हैदरअलीच्या बाजूचं काय होतंय ते पाहत होते. डिसेंबर 1782 मध्ये हैदर वारला आणि थांबण्याचं कारण गेलं. 1965 मध्येही सही जूनमध्ये आणि अंमल डिसेंबरमध्ये. मधल्या काळात कोरियन संसदेने 14 ऑगस्टला विरोधी पक्ष गैरहजर असताना मंजुरी दिली. आदल्या वर्षी 3 जूनला याच बोलण्यांविरुद्धच्या निदर्शनांमुळे सोलमध्ये लष्करी कायदा लागला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे ती मंजुरी किती कच्च्या जमिनीवर उभी होती ते कळतं.

दोन, जामीन. सालबाईत महादजी दोन्ही बाजूंचे जामीन होते, तह मोडला तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं होतं. 1965 मध्ये अमेरिकेने दोघांना जवळ आणायला खूप जोर लावला, पण करारात तिचं नाव जामीन म्हणून कुठेच नाही.

दौलतगंज

जामिनाऐवजी लवाद ठेवला होता. दाव्यांच्या कराराचं कलम 3: आधी राजनैतिक मार्गाने बोला. नाही जमलं तर तीन सदस्यांचा लवाद, एकेक सदस्य प्रत्येकाचा, नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत नेमायचा. तिसरा पुढच्या 30 दिवसांत. खोट अशी की एकाने आपला सदस्य नेमलाच नाही तर त्याच्या वतीने तिसऱ्या देशाने नेमायचा, पण तो तिसरा देश निवडायलाही दोघांचं सहकार्य लागतं. 2018 मध्ये कोरियन न्यायालयाने जपानी कंपनीला मजुरांची भरपाई द्यायला सांगितलं, त्या वादात 2019 मध्ये नेमकं हेच झालं. जपानने 9 जानेवारीला चर्चा मागितली, 20 मे ला लवाद मागितला, 19 जूनला तिसऱ्या देशाचा मार्ग. 18 जुलैची मुदत उलटली आणि लवाद बसलाच नाही. अशा कलमात 'मुदतीत न नेमल्यास अमुक पदाधिकारी नेमेल' असं एक वाक्य लागतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अध्यक्षांचं पद लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आता मूळ कराराच्या कलम 2 ची उलट बाजू दाखवतो, आणि ती आपल्या घरची आहे. 31 डिसेंबर 1974, नवी दिल्ली, भारत आणि पोर्तुगाल. सह्या यशवंतराव चव्हाण आणि मारियो सोआरेस यांच्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, आणि कधीपासून तर ते प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचा भाग झाले त्या तारखांपासून. म्हणजे मागच्या तारखेपासून, आणि ती तारीख कुठे सापडेल हेही कलमातच सांगून. त्या एका शब्दसमूहाने 1961 नंतरची तेरा वर्षं कायद्यात सांधली गेली. त्याआधीच्या साडेचारशे वर्षांबद्दल करार काही बोलत नाही, ते इतिहासकारांवर सोडलं. मिटवायचं नेमकं काय, हे त्यांनी आधी ठरवलं होतं. मालमत्तेची शेपूट मात्र तिथेही राहिली: गोव्यातल्या बँकेत लोकांनी गहाण ठेवलेले आणि 1961 मध्ये लिस्बनला गेलेले दागिने परत यायला 1991 उजाडलं.

कंपू

आयर्लंडही बघा. 1932 पासून ब्रिटनशी व्यापारयुद्ध, कारण शेतजमिनीच्या जुन्या कर्जाचे हप्ते आयर्लंडने भरायचं थांबवलं. 25 एप्रिल 1938 ला एकरकमी 1 कोटी पौंडात मिटवलं आणि ब्रिटनने तीन बंदरं परत केली. रक्कम कशाची, हे स्पष्ट होतं. आयर्लंडच्या फाळणीचा प्रश्न मिटला असा दावा मात्र कुणी केला नाही.

जपानमधल्या कोरियनांच्या कराराबद्दल कुणी लिहील का? सहा लाखांच्या आसपास माणसं होती ती.

नया बाजार

थोडक्यात: 15 ऑगस्ट 1945 पूर्वीपासून जपानात राहत असलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना कायम वास्तव्याचा हक्क, अर्जाची मुदत 16 जानेवारी 1971 पर्यंत पाच वर्षं. नातवंडांचं काय, ते 25 वर्षांच्या आत पुन्हा बोलू असं लिहून ठेवलं. आणि 10 जानेवारी 1991 ला खरोखर बोलले. त्याच वर्षी विशेष कायम रहिवासी असा दर्जा आला, उत्तर कोरियाची बाजू धरणाऱ्यांसकट सगळ्यांना. जे सुटत नाही ते तारीख घालून पुढे ढकललं, आणि म्हणून ते सुटलं. सांस्कृतिक वस्तूंच्या करारात 1,432 वस्तू परत गेल्या. त्यात शब्द 'परत' असा न वापरता 'सुपूर्द' या अर्थाचा वापरला, म्हणजे तिथेही तोच प्रश्न.

मुरारकर

आता जनकगंज यांच्या मूळ मुद्द्याकडे येतो, कारण 2018 चा निकाल वाचल्यावर मला तो पटला.

30 ऑक्टोबर 2018 ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी पोलाद कंपनीला चार मजुरांसाठी प्रत्येकी 10 कोटी वॉन द्यायला सांगितलं. खटला 2005 चा, निकालाच्या दिवशी चौघांपैकी एकच हयात. 'पूर्णपणे आणि अंतिमतः मिटले' हे वाक्य न्यायालयासमोर होतंच. बहुमताचा तर्क असा: हे मजूर थकीत मजुरी मागत नाहीत, बेकायदा वसाहती अंमलाशी थेट जोडलेल्या अन्यायाबद्दल मनस्तापाची भरपाई मागतात. जपानने वाटाघाटींत अंमल बेकायदा होता हे कधी मान्यच केलं नाही. मग जे मान्यच नव्हतं त्याची भरपाई 1965 मध्ये मिटली कशी म्हणायची? तेरापैकी दोन न्यायमूर्तींनी याच्या विरुद्ध मत दिलं: करारामुळे असे खटले चालवता येत नाहीत.

बघा, 'आधीच' या शब्दाने जी जागा रिकामी ठेवली होती, तिथूनच दावा आत आला.

जपानचीही भूमिका दिसते तितकी सरळ नाही. 27 ऑगस्ट 1991 ला त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेत सांगितलं की करारात दोन्ही देशांनी सोडला तो राजनैतिक संरक्षणाचा, म्हणजे आपल्या नागरिकाच्या वतीने दुसऱ्या देशाकडे दावा मांडायचा हक्क, व्यक्तीचा हक्क देशांतर्गत कायद्याच्या अर्थाने नष्ट झाला असं नाही. मात्र 1965 मध्येच जपानने कोरियनांचे मालमत्ता हक्क संपवणारा कायदा, क्रमांक 144, स्वतःच्या संसदेत केला होता. म्हणजे हक्क करारात जिवंत आणि कायद्यात मेलेला.

शिंदेछावणी

उत्तर कोरियाचं काय? मूळ कराराच्या कलम 3 मध्ये दक्षिण कोरियाला एकमेव वैध सरकार म्हटलंय, पण 'संयुक्त राष्ट्रांच्या ठराव 195 मध्ये म्हटल्याप्रमाणे' अशी पुस्ती जोडून.

दौलतगंज

तीच पुस्ती कामाची. तो ठराव ज्या भागात निवडणूक झाली त्यापुरता आहे, असं जपान वाचतो, म्हणून उत्तरेशी बोलायची वाट उघडी राहिली. जपान आणि उत्तर कोरिया यांच्या 17 सप्टेंबर 2002 च्या प्योंगयांग जाहीरनाम्यात 1965 चाच साचा आहे: दोन्ही बाजूंनी दावे सोडायचे, बदल्यात आर्थिक सहकार्य. संबंध अजून जुळलेले नाहीत, उत्तर कोरियाने पळवून नेलेले जपानी नागरिक आणि अण्वस्त्रं यांवर सगळं अडलंय. जुळतील तेव्हा तिथेही कुणाला तरी कलम 2 लिहायला बसावं लागेल.

कंपू

2023 चा तोडगा बैठकीत घ्यायचा का? 6 मार्चला कोरियन सरकारने जाहीर केलं की खटले जिंकलेल्या मजुरांना पैसे कोरियातलंच एक सरकारी प्रतिष्ठान देईल.

मुरारकर

घ्यायलाच हवा. 15 पैकी 11 जणांच्या बाबतीत त्याच वर्षी पैसे घेतले गेले. उरलेल्यांनी नाकारले म्हणून प्रतिष्ठान ती रक्कम न्यायालयात जमा करायला गेलं, तर न्यायालयाच्या अनामत अधिकाऱ्यांनी ती स्वीकारायला नकार दिला: ज्याचा दावा आहे तोच म्हणतो की तिसऱ्याकडून नको.

आणि त्या प्रतिष्ठानात सुरुवातीला 400 कोटी वॉन घातले ते पोहांगच्या पोलाद कंपनीने. वर 11.948 कोटी डॉलरचा आकडा दिलाय, तीच.

जनकगंज

मग रविवारचं वाचन त्या आकड्यापासून सुरू करू. दौलतगंज, कलम 2 चं मराठी दोन प्रकारे करून आणाल का? एक कोरियन वाचनाप्रमाणे, एक जपानी. फळ्यावर शेजारी शेजारी लिहू.

दौलतगंज

आणतो. पहिलं: 'हे सर्व तह अगोदरपासूनच रद्दबातल आहेत.' दुसरं: 'हे सर्व तह आता रद्दबातल झालेले आहेत.' दोन्हींना चालेल असं तिसरं वाक्य मराठीत बसवायचा प्रयत्न करतोय. 'अगोदरच रद्दबातल ठरलेले' इथपर्यंत आलोय, पण 'ठरलेले' म्हटलं की जपानच्या बाजूला झुकतं.